‘इतर’चा रकाना

आमच्या घरात सहल ठरवायचं खातं लग्न झाल्यापासून मोठ्या दिरांकडे होतं. भाऊजींची एक निळी फाइल असायची. तिच्यात गाड्यांची वेळापत्रकं, भक्त निवासांचे पत्ते आणि माणशी वर्गणीचा हिशोब. आम्ही आपलं सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या फलाटावर, चिवड्याचा डबा घेऊन हजर राहायचं. अशी सत्तावीस वर्षं गेली. गेल्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली, भाऊजींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, आणि एका रविवारी दुपारी वर्तमानपत्राच्या आडून हे म्हणाले, “आपण दोघंच जाऊन येऊ कुठेतरी. शनिवार-रविवार. दहा हजारांच्या आत मात्र.”

“कुठे?”

“तू ठरव. मला काहीही चालतं.”

काहीही चालणाऱ्या या माणसाला पुढच्या आठवड्यात महाबळेश्वर (गर्दी), गोवा (“आता या वयात?”), नाशिक (“ते काय, कधीही जाता येतं”) आणि कोल्हापूर (“माझी अॅसिडिटी”) यातलं एकही चाललं नाही. शेवटी मी खिडकीकडे बघितलं. आम्ही दहिसरला रुळांना लागून राहतो. गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या रोज रात्री आमच्या भांड्यांच्या फळीला हलवत जातात. इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजावर मी कुकर लावला, दूध तापवलं, पण त्यातल्या एकीतही बसले नव्हते. म्हटलं, अहमदाबाद. रात्री बोरिवलीला बसायचं, सकाळी सहाच्या सुमारास उतरायचं. दोन रात्री गाडीत गेल्या की खोलीचं भाडं एकाच रात्रीचं. हे गणित मला स्वतःला सुचलं याचा इतका आनंद झाला की यांना ‘नाही’ म्हणायला वेळच दिला नाही.

मग मी मुलीची जुनी दोनशेपानी वही काढली, पानावर उभ्या रेघा मारल्या आणि रकाने पाडले. गाडी, खोली, खाणं, रिक्षा, खरेदी, इतर.

पहिली फजिती तारखेची. सुट्टी म्हणून मी संक्रांतीच्या आठवड्यातला शनिवार-रविवार धरला होता. खोल्यांचे दर बघितले तर डोळे पांढरे व्हायची वेळ. मला वाटलं, अहमदाबाद असंच महाग असेल. शेजारच्या गुजराती बेन हसल्या. म्हणाल्या, “अरे, उत्तरायण छे ने!” आपण तिळगूळ वाटून मोकळे होतो, तिथे 14 आणि 15 जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं, जुन्या शहरातल्या गच्च्या चक्क भाड्यानं जातात, आणि नदीकाठी आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यावर बोट ठेवलं, तर तीच खोली निम्म्याहून कमी दरात. म्हणजे जायचं कुठे याच्याआधी तिथे त्या दिवशी काय आहे हे विचारायचं असतं. भाऊजींच्या फाइलीत हे सगळं असणार. आम्ही कधी ती उघडलीच नाही.

दुसरी फजिती माझीच, आणि ती अजून टोचते. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, हे मुलीनं फोनवर सांगितलं होतं. मी बरोबर साठाव्या दिवशी सकाळी आठला मोबाइल घेऊन बसले आणि जातानाची थ्री एसीची दोन तिकिटं मिळवली. विजयी मुद्रेनं चहा टाकला. परतीची तारीख दोन दिवसांनी उघडणार, हे डोक्यात आलंच नाही. आठवलं ते नवव्या दिवशी. रविवार रात्रीची गाडी, सगळा व्यापारी आणि नोकरदार वर्ग सोमवारी मुंबई गाठायच्या घाईत. थ्री एसीला भली मोठी वेटिंग लागलेली. स्लीपरला डब्ल्यूएल 38. मी मुलीला विचारलं, हे 38 म्हणजे सीट नंबर का? पलीकडे जी शांतता पसरली तिच्यात माझं शिक्षण, वय आणि आईपण सगळं बुडालं. मग तिनं समजावलं. आपल्या पुढे इतकी माणसं रांगेत आहेत. स्क्रीनवर दोन आकडे दिसतील. पहिला तिकीट काढलं तेव्हाचा, दुसरा आजचा. दुसरा कमी होत जातो. तो संपला की आरएसी लागतं. आणि चार्ट लागेपर्यंत वेटिंगमध्येच राहिलं तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही.

“आणि आरएसी म्हणजे?”

“साइडच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून जायचं. अर्धा अर्धा बर्थ. तुम्हाला काय, तुम्ही दोघंच आहात.”

पुढचे दीड महिने मी रोज रात्री झोपण्याआधी तो आकडा बघायचे. काही बायका नामस्मरण करतात.

खोलीचं प्रकरण वेगळंच. अॅपवर प्रत्येक खोलीचा फोटो असा काढलेला की पलंगाच्या मागे टेनिसचं मैदान मावावं. खाली लाल अक्षरात ‘फक्त 2 खोल्या शिल्लक’. पहिल्या दिवशी मी घाबरून जवळजवळ पैसे भरले. तिसऱ्या दिवशीही दोनच शिल्लक होत्या, आठव्या दिवशीही. दर दिसतो एक, शेवटच्या पानावर कर मिळवून होतो दुसरा. एका ठिकाणी ‘कपल फ्रेंडली’ असं हिरवं लेबल दिसलं. मला वाटलं, वा, आमच्यासारख्यांसाठी काही सोय दिसते, दोन खुर्च्यांची गॅलरी वगैरे. मुलीला कौतुकानं सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या रूममेटलाही सांगून झालं. “आई, ते लग्न न झालेल्यांसाठी असतं. कुणी प्रश्न विचारत नाही, असा त्याचा अर्थ.”

तिनं एक मात्र कामाचं सांगितलं. पाच तारेवाल्यांचं आणि एक तारेवाल्यांचं वाचू नकोस; पहिले मालकाचे मेहुणे असतात, दुसरे भांडून गेलेले. तीन तारे दिलेल्यांचं वाच. तसं वाचत वाचत मला जुन्या शहरात लाल दरवाजाजवळ एक जागा मिळाली. तीन तारेवाले म्हणत होते, खोली लहान, लिफ्ट जुनी, चादरी स्वच्छ, रस्त्याचा आवाज येतो. आवाजाचं आम्हाला काय! कर धरून 1,785 रुपये. नदीपलीकडच्या नव्या भागात यापेक्षा देखण्या खोल्या याच भावात होत्या, पण नकाशावर बोटानं मोजल्यावर लक्षात आलं की बघायचं त्यातलं बरंच काही नदीच्या अलीकडे आहे. तिकडे राहिलो असतो तर खोलीत वाचवलेलं रिक्षात घातलं असतं.

आणि यादी! मी गरीब घरातली; ताटात वाढलेलं टाकायचं नाही ही शिकवण. दोन दिवसांत मी सतरा ठिकाणं बसवली होती. अडालजची विहीर, साबरमती आश्रम, कांकरिया, विज्ञाननगरी, दोन संग्रहालयं, गांधीनगरचं अक्षरधाम... मी दिवसा वेळापत्रक विणायची आणि रात्री जेवताना हे एकेक टाका उसवायचे. “दुपारी दोन ते पावणेतीन आश्रम? गांधीजी तरी एवढ्या घाईत होते का?” या गोष्टीचा जुना धागा अहमदाबादेतच सापडणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी सव्वासहाला आम्ही लाल दरवाजाच्या त्या हॉटेलच्या काउंटरपुढे उभे. पोरगा डोळे चोळत उठला आणि म्हणाला, चेक-इन बारा बजे. आता लगेच हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं जादा. मी वही उघडली. त्या वहीत सकाळी सहा ते दुपारी बारा हे सहा तास नव्हतेच! गाडी सहाला पोचते हे होतं, खोली बाराला मिळते हेही कुठेतरी होतं. दोन्ही वाक्यं एका पानावर मात्र कधी आली नव्हती. त्यातून त्यानं दोघांची आधार कार्डं मागितली. माझ्या कार्डावर अजून माहेरचं आडनाव. तो एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघत म्हणाला, “फॅमिली?” सत्तावीस वर्षांच्या संसाराचा पुरावा म्हणून यांनी काय दाखवावं? ते म्हणाले, “भांडण करून दाखवू?” पोरगा हसला. बॅगा ठेवून घेतल्या, खालचं न्हाणीघर वापरू दिलं.

त्या सहा तासांनीच आमची सहल केली. जादा भाडं द्यायचं नाही तर करायचं काय, असं त्याला विचारलं तर तो म्हणाला, आठ वाजता काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून महापालिकेची हेरिटेज वॉक निघते, तिकडे जा. मी सतरा ठिकाणांच्या यादीत हे घातलंच नव्हतं. ‘चालणे’ हे मला ठिकाण वाटलं नव्हतं.

ही पदयात्रा 1997 पासून चालू आहे. मंदिरात सुरू होते आणि जामा मशिदीत संपते. मधे जुन्या शहराच्या पोळी. पोळ म्हणजे आपल्या वाड्यांची एक गल्ली समजा, जिला स्वतःचा दरवाजा आहे. आत लाकडी कोरीव खांबांची घरं, पुढे ओटे, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी, आणि नाक्यावर चबुतरा. एका उंच खांबावर नक्षीदार छत्री, पाखरांना दाणे टाकायला. शहरात झाडं तोडून घरं बांधली म्हणून पाखरांची भरपाई, असं आमच्या वाटाड्यानं सांगितलं. एका ओट्यावर कवी दलपतरामांचा पुतळा मांडी घालून बसलाय, माणसाच्या उंचीचा. हे शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “काढ फोटो.” 2017 साली या जुन्या शहराला युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला, भारतातलं पहिलं शहर. आम्ही मात्र तिथल्या एका आजींनी ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांवरून पाय पडू नये म्हणून जीव मुठीत धरून चालत होतो.

वाटाड्याला आम्ही मराठी आहोत कळल्यावर तो म्हणाला, मग तीन दरवाजा बघितल्याशिवाय जाऊ नका, तिथे तुमचा एक दगड आहे.

तीन दरवाजा म्हणजे अहमदशहानं 1411 मध्ये शहर वसवलं त्या सुमाराची तीन कमानींची वेस. आज तिच्यातून आणि तिच्याभोवती बाजार वाहतो. मोजे, चादरी, पोरांचे फ्रॉक, लिंबूपाणी. हा दगड 1812 सालचा. 1758 पासून इंग्रज येईपर्यंत हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेलं होतं, आणि चिमणाजी रघुनाथ नावाचे मराठी सुभेदार इथे कारभार बघत होते. त्यांनी दगडावर हुकूम कोरून घेतला, देवनागरीत. वडिलांच्या मिळकतीत मुलीला तिचा वाटा बिनाहरकत द्यावा. जो देणार नाही, तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जाब देईल.

मी गर्दीत उभी राहून ती अक्षरं लावायचा प्रयत्न केला. धड लागली नाहीत. आपल्या राज्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती झाली 1994 साली. आणि माझ्या बाबांच्या गिरगावातल्या खोलीच्या हक्कसोडपत्रावर मी आणि बहिणीनं सही केली 2009 मध्ये, वहिनीनं केलेला शिरा खात. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. भावानं पेन पुढे केलं, इतकंच. मागून एका हातगाडीवाल्यानं “बेन, साइड” म्हणून ओरडून मला हलवलं. हे काही बोलले नाहीत, पण समोरच्या गाडीवरून दोन ग्लास लिंबूपाणी घेतलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून दिले. वहीत ते आलं नाही.

बाराला खोली मिळाली, आम्ही झोपलो ते चारला उठलो. यादीतली पाच ठिकाणं झोपेत संपली. संध्याकाळी सिदी सैयदची मशीद, चालत दहा मिनिटं. 1573 च्या सुमाराची, मोगल येण्याच्या जरा आधीची. मागच्या भिंतीत अर्धवर्तुळात दगडाची जाळी आहे, एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचं झाड. यांची आई लोकरीनं विणायची, हे बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, “एक टाका चुकलेला नाही गं.” जवळच्याच एका चहाच्या जुन्या दुकानात मस्काबन खाल्ला. तिथे टेबलांच्या मधे मधे कबरी आहेत, हिरव्या रंगाच्या, रोज फुलं वाहिलेल्या, आणि भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी भेट दिलेलं चित्र. हे आपला कप कबरीपासून जरा दूर सरकवून बसले.

रात्री माणेक चौक. इथे मला जरा थांबलं पाहिजे. दिवसा हा सराफ बाजार. आम्ही पोचलो तेव्हा शटरं खाली येत होती, आणि एक माणूस खराट्यानं दुकानांच्या पायऱ्या, फटी, गटाराच्या कडा झाडत होता. झाडलेली धूळ टाकून न देता गोणपाटात भरत होता. मी यांना कोपरानं ढोसलं. “झारेकरी!” आमच्या गिरगावातून झवेरी बाजार किती लांब, लहानपणी बाबांनी तिथे असा माणूस दाखवला होता. सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारा. इथे त्याला धूळधोया म्हणतात. कण किती निघतात कोण जाणे, पण तो कुठलाही कोपरा सोडत नव्हता. अर्ध्या तासात त्याच झाडलेल्या जागेवर गाड्या लागल्या, स्टो पेटले, आणि भाजीपावाच्या तव्यावर अमूल बटरची अख्खी वीट उतरली. चॉकलेट आणि चीज घातलेलं सँडविच हा प्रकार आम्ही कुतूहलापोटी मागवला. त्याबद्दल एवढंच सांगते की तो एकदाच मागवायचा असतो.

चौकाचं नाव माणेकनाथ बाबांवरून. त्यांची समाधी तिथेच आहे. दंतकथा अशी की अहमदशहा शहराचा कोट बांधायला लागला तेव्हा हे बाबा दिवसा चटई विणायचे आणि रात्री ती उसवायचे. चटई उसवली की दिवसभराची भिंत कोसळायची. मी ही गोष्ट यांना सांगितली. भाजीपावाचा घास हातात धरून हे म्हणाले, “मग? शहर झालंच ना शेवटी.”

रविवारी अडालजला जायचं होतं. 1499 सालची पाच मजली पायविहीर, शहराच्या उत्तरेला अठराएक किलोमीटर. रिक्षावाल्यानं जाऊन-येऊन जो आकडा सांगितला त्यानं माझा रकाना फुटला असता. बसचा विचार केला, पण लाल बसच्या पाटीवरचे आकडे गुजराती. अक्षरं मी लावू शकते. आपल्या अक्षरांची शिरोरेषा पुसून टाका, झालं. आकडे दगा देतात. गुजराती पाच आपल्या ‘प’सारखा दिसतो. मी ‘प’ नंबरची बस येईल म्हणून दहा मिनिटं उभी होते. शेवटी त्याच रिक्षावाल्यानं माझ्यावर दया करून विचारलं, “वाव जोवी छे? असारवा चलो ने, पास में.”

असारव्यात दादा हरीरची वाव, म्हणजे पायविहीर, आहे. सुलतान महमूद बेगड्याच्या अंतःपुरातल्या बाई हरीर या अधिकारी स्त्रीनं बांधलेली, अडालजच्याच काळातली, तीही पाच मजल्यांची. तिकीट नाही, गर्दी नाही, फोटोवाला नाही. सकाळी साडेआठला आम्ही दोघं आणि पाच-सहा पोपट. पायऱ्या उतरत जावं तसं एकेका मजल्यावर ऊन मागे राहतं आणि गारवा वर येतो; तिसऱ्या मजल्यावर मी चक्क पदर लपेटून घेतला. बांधणारीचं नाव आत संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही लेखांत कोरलंय. मी कठड्याला टेकून बसले. हे खाली तळापर्यंत गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली. नावानं. घरात ‘अगं’वर भागतं, त्यामुळे मला ओ द्यायला जरा वेळच लागला.

दुपारी साबरमती आश्रम. नदीकाठी बसलो, विनोबांची कुटी बघितली, पाऊण तासाच्या ऐवजी अडीच तास गेले आणि एक पैसा लागला नाही. मग गुजराती थाळी. दोघांचे नऊशे. यांनी तिसरी पुरणपोळी मागताना वाढप्याला “आमच्याकडे यात तूरडाळ नसते, चणाडाळ असते” असं शुद्ध मराठीत समजावलं. तो “हां काका” म्हणत चौथी वाढून गेला. विज्ञाननगरी, कांकरिया, अक्षरधाम, संग्रहालयं सगळी राहिली.

आमचं 38 दुपारी आरएसीवर आलं होतं, आणि तिथेच थांबलं. रात्री साइडच्या खालच्या बर्थवर आम्ही समोरासमोर, पाय एकमेकांच्या मांडीजवळ, मधे खाकऱ्यांची पिशवी. बडोदा गेल्यावर टीसी आला. म्हणाला, पुढच्या डब्यात एक बर्थ रिकामा आहे, दोघांतलं कुणीतरी जा. मला वाटलं, आता जरा ‘तू जा, नाही तुम्ही जा’ होईल. हे तोवर चप्पल घालून उशीसकट उभे होते. “तुला इथे खिडकी आहे,” म्हणाले, आणि गेले.

मग मी दिवा लावून वही काढली. गाडी 2,310. खोली 1,785. खाणं 2,150. रिक्षा, खरेदी, इतर धरून बेरीज 9,385 आली. दहा हजारांच्या आत, आणि वर सहाशे पंधरा शिल्लक. खरं तर त्यात एक भानगड होती. माणेक चौकाजवळच्या राणीच्या हजिऱ्याच्या बाजारात, हे चहा पीत असताना, मी साडेचारशेची एक बांधणीची ओढणी घेतली होती आणि ती ‘खरेदी’त न लिहिता ‘रिक्षा’त मिसळली होती. रिक्षाचा आकडा कोण तपासतं?

एकेक ओळ पुन्हा मोजताना खालच्या ‘इतर’च्या रकान्यात माझं नसलेलं अक्षर दिसलं. 240. यांच्या हातचं, घाईत लिहिलेलं. पुढे कशाचे ते नाही. लिंबूपाण्याचे एवढे होत नाहीत. मी जरा वेळ त्या आकड्याकडे बघितलं, पुढच्या डब्याकडे बघितलं, आणि वही मिटून ओढणीखाली ठेवली.